लॉगआउट झालं तरी नजर चालू: नेटवर्क मॉनिटरिंग सर्व्हिस म्हणून कसं चालवायचं

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या ऑफिसची सर्व्हर रूम उघडली तर बऱ्याचदा एक ओळखीचं दृश्य दिसतं. कोपऱ्यातल्या मॉनिटरवर काळी खिडकी उघडी, तिच्यात पिंगच्या (उपकरण उत्तर देतं का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशाच्या) ओळी धावताहेत आणि स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला कागद: ‘बंद करू नये’. मॉनिटरिंगची व्यवस्था म्हणजे एवढीच. ज्याच्या लॉगिनमध्ये ती खिडकी उघडली तो लॉगआउट झाला, विंडोजने मध्यरात्री अपडेट घेऊन मशीन रीस्टार्ट केलं किंवा लाईट गेली, की नजर संपली. ती संपल्याचं कुणाला कळतही नाही, कारण सांगायचं काम तिचंच होतं. मग सकाळी गेटवरून फोन येतो, ‘साहेब, कॅमेरे दिसत नाहीयेत.’

हे काम सर्व्हिस म्हणून बसवायचं, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर कुणी लॉगिन करो न करो, ते आपोआप सुरू व्हावं, पडलं तर उठावं आणि कमीत कमी अधिकारांवर चालावं. इतकं जमवणं फारसं अवघड नाही. अवघड भाग त्यानंतर येतो: सर्व्हिस ‘चालू’ दिसते पण पाहणी होतच नाही, अशी अवस्था ओळखणं. म्हणून या लेखातली जास्त जागा त्याला दिली आहे.

उदाहरणासाठी डेबियन किंवा उबुंटू लिनक्सचा सर्व्हर, त्यावर सर्व्हिस सुरू-बंद करणारं सिस्टमडी, आणि पाहणीचे आकडे गोळा करून साठवणारं प्रोमिथियस धरतो. सोबत पिंगसाठी ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर आणि निरोपासाठी अलर्टमॅनेजर. झॅबिक्स किंवा नागिओससारखं दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तरी सर्व्हिसचा भाग जवळजवळ तसाच लागू होतो. कमांड आणि फाइलमधल्या ओळी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरायचं.

आधी मशीन

मॉनिटरिंगचं मशीन भारी लागत नाही. चार जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप दहा ते शंभर उपकरणांना पुरतो. पण तीन गोष्टी सॉफ्टवेअरच्या आधी बघा.

पहिली, बायोसमधली ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ ही सेटिंग. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ती बंद असते, म्हणजे लाईट आली तरी मशीन बटण दाबेपर्यंत निपचित. ती ‘पॉवर ऑन’ करा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, तो दिवस इथल्या प्रत्येक आयटीवाल्याला आठवत असेल. तेव्हा बहुतेक ऑफिसं कोविडमुळे अर्धी रिकामी होती. अशा वेळी बटण दाबायला माणूस असतोच असं नाही.

दुसरी, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी. ती संपलेली असेल तर वीज पूर्ण गेल्यावर मशीनचं घड्याळ मागे पडतं. प्रोमिथियस प्रत्येक नोंद वेळेसकट साठवतं; भूतकाळातली वेळ घेऊन आलेल्या नोंदी ते नाकारतं. सर्व्हिस हिरवी, आलेख रिकामा. यावर काही जण सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक एनेबल करून, घड्याळ जुळेपर्यंत मॉनिटरिंगला थांबवून ठेवतात. माझं मत याच्या विरुद्ध आहे. इंटरनेटच बंद असेल तर घड्याळ जुळणार नाही, आणि ती सर्व्हिस अनंतकाळ वाट बघत बसेल. म्हणजे नेमकी लाईन गेलेली असताना पाहणी सुरूच होणार नाही. पन्नास-शंभर रुपयांची बॅटरी बदला.

तिसरी, यूपीएस. मॉनिटरिंगचं मशीन आणि मुख्य स्विच एकाच यूपीएसवर असू द्या. यूपीएसची यूएसबी केबल जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स बसवलं तर बॅटरी तळाला गेल्यावर मशीन नीट बंद होतं आणि डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहत नाहीत.

पॅकेज की हाताने?

डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात प्रोमिथियस तयार मिळतं. ‘ॲप्ट इन्स्टॉल प्रोमिथियस’ म्हटलं की युजर, फोल्डर, युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) सगळं येतं. तयार पॅकेज चालत असेल तर तेच घ्या. आवृत्ती थोडी जुनी असते, पण अपडेट नेहमीच्या ‘ॲप्ट’मधूनच येतात, आणि लहान ऑफिसात ती गोष्ट नव्या सोयींपेक्षा मोलाची असते. सेटिंग बदलायला मूळ युनिट फाइलला हात लावू नका. ‘सिस्टमसीटीएल एडिट प्रोमिथियस’ म्हटलं की वेगळी ओव्हरराइड फाइल उघडते आणि पॅकेज अपडेट झालं तरी ती टिकते. डेबियनच्या पॅकेजमध्ये सुरुवातीचे पर्याय ‘/ईटीसी/डिफॉल्ट/प्रोमिथियस’ या फाइलमधल्या ‘आर्ग्ज’ ओळीत जातात.

डॉकरची सवय असेल तर तोही मार्ग आहे, ‘रीस्टार्ट’ धोरण ‘अनलेस-स्टॉप्ड’ ठेवून. एकच सावधगिरी: डॉकरने बाहेर उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलच्या नियमांना जुमानत नाही. आपण पोर्ट बंद केला असं वाटतं आणि तो उघडा असतो.

आता हाताने बसवायची रीत. पॅकेज घेणाऱ्यांनीही ही वाचावी, कारण तयार युनिट फाइलमध्ये काय लिहिलंय ते त्याशिवाय कळत नाही. ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर घेऊ. ती एकच बायनरी फाइल आहे आणि पिंगमुळे तिला थोडे खास अधिकार लागतात.

बायनरी ‘/युएसआर/लोकल/बिन’ मध्ये ठेवा, मालकी रूटची (सगळे अधिकार असलेल्या युजरची). सर्व्हिससाठी स्वतंत्र युजर करा: ‘ॲडयुजर --सिस्टम --ग्रुप --नो-क्रिएट-होम ब्लॅकबॉक्स’. या युजरला पासवर्ड नाही, लॉगिन नाही. कॉन्फिग फाइल ‘/ईटीसी/ब्लॅकबॉक्स’ मध्ये, मालक रूट, ग्रुप ब्लॅकबॉक्स, परवानगी ६४०. म्हणजे सर्व्हिस ती वाचू शकते, बदलू शकत नाही.

मग ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ या फोल्डरमध्ये ‘ब्लॅकबॉक्स.सर्व्हिस’ नावाची फाइल:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

[सर्व्हिस]
टाइप=सिंपल
युजर=ब्लॅकबॉक्स
ग्रुप=ब्लॅकबॉक्स
एक्झेकस्टार्ट=/युएसआर/लोकल/बिन/ब्लॅकबॉक्स_एक्स्पोर्टर --कॉन्फिग.फाइल=/ईटीसी/ब्लॅकबॉक्स/ब्लॅकबॉक्स.वायएमएल --वेब.लिसन-ॲड्रेस=१२७.०.०.१:९११५
एक्झेकरीलोड=/बिन/किल -एचयूपी $मेनपीआयडी
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=५
अँबियंटकेपॅबिलिटीज=कॅप_नेट_रॉ
केपॅबिलिटीबाउंडिंगसेट=कॅप_नेट_रॉ
नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस
प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट
प्रोटेक्टहोम=येस

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

यातल्या काही ओळी अशा आहेत की त्या का आहेत हे कळलं नाही तर पुढे डोकं धरून बसावं लागतं.

‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही हव्यात. ‘आफ्टर’ फक्त क्रम ठरवतं. ते टार्गेट सुरू करायची मागणी ‘वॉन्ट्स’ करतं. शिवाय नेटवर्क ऑनलाइन याचा अर्थ या मशीनच्या कार्डाला पत्ता मिळाला, इतकाच. समोरचा स्विच, राउटर, फायरवॉल जागे झालेत का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

‘रीस्टार्टसेक’ लिहिलं नाही तर सिस्टमडी शंभर मिलिसेकंदांत पुन्हा प्रयत्न करतं. आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडलेल्या सर्व्हिसचा नाद ते सोडून देतं, हाही डिफॉल्टच. म्हणजे मशीन उठताना काही कारणाने सर्व्हिस अडखळली, तर एका सेकंदात पाचही संधी संपतात आणि ती कायमची ‘फेल्ड’ होते. पाच सेकंदांचं अंतर दिलं की ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही आणि प्रयत्न चालू राहतात.

पिंगची गोष्ट वेगळी. पिंगचं आयसीएमपी पाकीट पाठवायला सहसा रॉ सॉकेट (पाकीट थेट नेटवर्कवर सोडायची वाट) लागतो आणि तो साध्या युजरला मिळत नाही. म्हणून बरेच जण सर्व्हिसच रूट म्हणून चालवतात. नको. ‘कॅप_नेट_रॉ’ ही एकच परवानगी दिली की काम होतं. ‘सेटकॅप’ कमांडने ती बायनरीवर चिकटवायचा सल्लाही मिळेल, पण नवी आवृत्ती आणून फाइल बदलली की ती परवानगी फाइलबरोबर जाते, आणि वर ‘नोन्यूप्रिव्हिलेजेस’ लावलेलं असेल तर ती मुळात लागूच होत नाही. युनिट फाइलमध्ये लिहिलेली परवानगी अपडेटनंतरही शाबूत राहते.

प्रोमिथियसची युनिट फाइल याच धर्तीवर. फरक दोन: पिंगच्या परवानगीची ‘अँबियंट’ ओळ नको, बाउंडिंग सेट रिकामा; आणि ‘स्टेटडिरेक्टरी=प्रोमिथियस’ ही ओळ हवी. तिच्यामुळे ‘/व्हार/लिब/प्रोमिथियस’ हे फोल्डर योग्य मालकीसकट आपोआप तयार होतं, आणि ‘प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट’ असूनही तेवढ्या जागेत लिहिता येतं. साठ्याचा पथ सुरुवातीच्या पर्यायांत तोच द्या. तो नेटवर्क शेअरवर ठेवू नका. एनएफएससारख्या नेटवर्क शेअरवरच्या साठ्याला प्रोमिथियसचा अधिकृत आधार नाही.

स्टार्ट आणि एनेबल

फाइल लिहून झाली की ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’. मग ‘सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ ब्लॅकबॉक्स’.

‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू कर. ‘एनेबल’ म्हणजे पुढच्या वेळी मशीन उठेल तेव्हा सुरू कर. नुसतं ‘स्टार्ट’ करून निघून गेलेली सर्व्हिस महिनोन् महिने उत्तम चालते आणि जूनमध्ये पहिल्या पावसात लाईट गेली की परत येत नाही. बसवणारा तोवर दुसऱ्या नोकरीत. तपासायला ‘सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड’ आहे, पण त्यावर समाधान मानू नका. मशीन खरोखर रीबूट करा.

रीबूटनंतर ‘सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लॅकबॉक्स’ मध्ये हिरवं ‘ॲक्टिव्ह रनिंग’ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ‘जर्नलसीटीएल -यू ब्लॅकबॉक्स -बी’, म्हणजे या बूटपासूनच्या त्या सर्व्हिसच्या नोंदी. पहिल्यांदा बसवताना चूक बहुधा पथात, परवानगीत किंवा वायएमएलच्या (कॉन्फिग फाइल लिहायच्या पद्धतीच्या) मोकळ्या जागांत असते. मग प्रोसेस मुद्दाम मारून बघा: ‘सिस्टमसीटीएल किल -एस किल ब्लॅकबॉक्स’. पाच-सहा सेकंदांत ती नव्या पीआयडीसह (प्रोसेसच्या क्रमांकासह) उभी राहिली पाहिजे. ‘सिस्टमसीटीएल शो -पी एनरीस्टार्ट्स ब्लॅकबॉक्स’ ही कमांड ती आपोआप किती वेळा उठली ते सांगते. सर्व्हिस हिरवी आहे पण हा आकडा तीनशे आहे, असं दिसलं तर आत काहीतरी बिनसलंय.

हिरवं दिसतंय, पण बघतंय का?

सिस्टमडीला प्रोसेस जिवंत आहे एवढंच कळतं. वॉचमन गेटवर खुर्चीत बसलेला आहे हे सीसीटीव्हीत दिसतं. जागा आहे का, ते दिसत नाही.

प्रोमिथियसमध्ये हा घोटाळा अगदी ठरलेल्या जागी होतो. प्रत्येक लक्ष्यासाठी ते ‘अप’ नावाचा आकडा ठेवतं, १ किंवा ०. साहजिकच पहिला अलर्ट लोक ‘अप’ शून्य झाल्यावर लावतात. पण ब्लॅकबॉक्समधून पिंग करताना प्रोमिथियस स्विचशी बोलतच नाही. ते ब्लॅकबॉक्सशी बोलतं, आणि ब्लॅकबॉक्स पिंग करतं. स्विच जळून खाक झाला तरी ब्लॅकबॉक्सने ‘उत्तर आलं नाही’ असं व्यवस्थित कळवलं की ‘अप’ १ च राहतो. खरी हकीकत ‘प्रोब_सक्सेस’ या आकड्यात असते. उपकरणांसाठी अलर्ट त्याच्यावर लावा, आणि ‘अप’ वरचा अलर्ट ब्लॅकबॉक्ससाठी वेगळा ठेवा.

एका तपासणीत ब्लॅकबॉक्स एकच पाकीट पाठवतं. वायफायवरचा प्रिंटर किंवा गोदामातला ॲक्सेस पॉइंट एखादं पाकीट सहज गमावतो, त्यावर मेसेज पाठवलात तर आठवड्याभरात लोक तो ग्रुप म्यूट करतात. अलर्टच्या नियमात ‘फॉर’ (बिघाड किती वेळ टिकला तर निरोप पाठवायचा) तीन मिनिटं ठेवा. आणि ‘एव्हीजी_ओव्हर_टाइम’ वापरून पंधरा मिनिटांची सरासरी काढली तर पाकिटं किती टक्के गळताहेत तेही दिसतं. लाईन पूर्ण मरण्याआधी ती बऱ्याचदा अशी गळत असते. उपकरण नावाने देत असाल तर ब्लॅकबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये ‘प्रिफर्ड_आयपी_प्रोटोकॉल’ हे ‘आयपी४’ करा, डिफॉल्ट आयपी६ आहे.

दुसरी जागा याहून फसवी आहे. कॉन्फिग फाइलमध्ये नवीन कॅमेरा घातला, घालताना एक स्पेस चुकली, ‘सिस्टमसीटीएल रीलोड’ केलं. प्रोमिथियसने फाइल वाचली, चूक बघून नाकारली, लॉगमध्ये एक ओळ लिहिली आणि जुन्या कॉन्फिगवर काम चालू ठेवलं. सर्व्हिस हिरवी. बाकी उपकरणं दिसताहेत. नवा कॅमेरा मात्र पाहणीत नाही, आणि मुख्य म्हणजे डिस्कवरची फाइल मोडकी आहे. हे महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. मग लाईट जाते, मशीन उठतं, प्रोमिथियस मोडकी फाइल वाचायला जातं आणि पडतं. दर पाच सेकंदांनी. ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ असल्याने सिस्टमडीच्या लेखी ती अजून ‘फेल्ड’ नाही, प्रयत्न सुरू आहेत; त्यामुळे ‘ऑनफेल्युअर’ ओळ लिहून निरोप पाठवायची योजना केली असेल तर तीही गप्प.

यावर उपाय दोन, दोन्ही करा. रीलोडच्या आधी ‘प्रॉमटूल चेक कॉन्फिग’ चालवायची सवय लावा. आणि ‘प्रोमिथियस_कॉन्फिग_लास्ट_रीलोड_सक्सेसफुल’ हा आकडा शून्य झाला की अलर्ट जाईल असा नियम घाला. माझ्या मते कुठल्याही नव्या बसवणुकीत हा नियम पहिल्या दिवशी असावा, उपकरणांच्या नियमांच्याही आधी.

स्विचचे आकडे

पिंगने जिवंत की मेलेलं एवढंच कळतं. कुठल्या पोर्टवर किती वाहतूक हे बघायला एसएनएमपी (उपकरणाकडून त्याचे आकडे मागून घ्यायची पद्धत), आणि त्यासाठी एसएनएमपी एक्स्पोर्टर, पोर्ट ९११६. सर्व्हिस वरच्यासारखीच बसवा, रॉ सॉकेटची परवानगी वगळून. एसएनएमपी साध्या यूडीपीवर, स्विचच्या १६१ पोर्टवर चालतं.

आलेख काढताना ‘इफ-इन-ऑक्टेट्स’ हा मोजणारा आकडा घेऊ नका. तो ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की परत शून्यावर येतो. एक गिगाबिटची लाईन पूर्ण भरून वाहत असेल तर हे अवघ्या ३४ सेकंदांत होतं. मिनिटाला एकदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मधला फेरा दिसतच नाही आणि आलेख आत्मविश्वासाने खोटं सांगतो: सर्वांत जास्त वाहतुकीच्या वेळी सर्वांत कमी. ६४ बिटांचा ‘इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स’ घ्या.

एसएनएमपीची दुसरी आवृत्ती पासवर्ड उघडाच पाठवते, आणि अनेक स्विचवर तो ‘पब्लिक’ असाच सोडलेला असतो. स्विच तिसरी आवृत्ती देत असेल तर तीच वापरा. नसेल तर निदान तो शब्द बदला आणि स्विचला सांगा की फक्त मॉनिटरिंगच्या मशीनलाच उत्तर दे.

लाईट परत आल्यावरचा गोंधळ

वीज येते तेव्हा सगळं एकाच क्षणी जागं होत नाही. एसएसडीवरचा सर्व्हर अर्ध्या मिनिटात तयार. मॅनेज्ड स्विचला दोन-तीन मिनिटं, आणि स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा होऊ न देणारी स्विचची सोय) चालू असेल तर पोर्ट खुला व्हायला वर तीस सेकंद. फायरवॉल आणखी रेंगाळतो. मधल्या काळात मॉनिटरिंगला सगळंच मेलेलं दिसतं आणि फोनवर साठ मेसेज येऊन पडतात.

‘फॉर’ ची मुदत यातलं बरंच शोषून घेते. उरलेलं अलर्टमॅनेजरच्या ‘इनहिबिट’ नियमांनी आवरा: मुख्य स्विच बंद असेल तर त्याच्यामागचे कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट, बायोमेट्रिक यांचे निरोप दाबा. त्यासाठी प्रत्येक उपकरणाला ते कोणत्या स्विचमागे आहे याचं लेबल आधीच द्यावं लागतं. हे कंटाळवाणं काम एकदाच करायचं असतं. ज्या ऑफिसात कुठली केबल कुठे जाते याचा कागदच नाही, तिथे या निमित्ताने तो तयार होतो.

साठा, लॉग आणि वेळ

प्रोमिथियस डिफॉल्टने १५ दिवसांचे आकडे ठेवतं. मागच्या पावसाळ्याशी तुलना करायची असेल तर हे काहीच नाही. एका नोंदीला सरासरी एक ते दोन बाइट लागतात. समजा वीस हजार मालिका (सतत मोजले जाणारे वेगवेगळे आकडे), मिनिटाला एक नोंद. दिवसाला २ कोटी ८८ लाख नोंदी, दोन बाइटने सुमारे ५८ एमबी. १८० दिवसांचे साडेदहा जीबी. आजच्या डिस्कवर वर्षभर ठेवायलाही हरकत नाही, ‘--स्टोरेज.टीएसडीबी.रिटेन्शन.टाइम’ हा पर्याय वाढवा.

लॉग ही वेगळी गोष्ट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळवायची आहेत. ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवायच्या, हेही त्यातच. जर्नल (सिस्टमडीची लॉगची वही) डिफॉल्टने डिस्कच्या दहा टक्के किंवा चार जीबी, यांतलं जे कमी तेवढी जागा घेतं आणि मग जुन्या नोंदी टाकतं. किती दिवस झाले हे ते बघत नाही. ‘जर्नलडी.कॉन्फ’ मध्ये ‘स्टोरेज=पर्सिस्टंट’ करा आणि ‘सिस्टममॅक्सयूज’ हिशोब करून वाढवा.

प्रोमिथियस आतून यूटीसी वेळ वापरतं, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी साडेतीनला पडलेली लाईन अलर्टमध्ये सकाळी दहाला पडल्यासारखी दिसते आणि इंटरनेटवाल्याशी वाद होतो. निरोपाच्या टेम्प्लेटमध्ये भारतीय वेळ घाला.

विंडोजच असेल तर

काही ऑफिसात लिनक्स नको म्हणतात. तिथे टास्क शेड्युलरचा मोह टाळा. त्यात तयार केलेलं काम डिफॉल्टने तीन दिवसांनी थांबवलं जातं, आणि लॅपटॉपवर असेल तर चार्जर काढल्यावर सुरूच होत नाही. दोन्ही खुणा वेगळ्या टॅबमध्ये लपलेल्या. सर्व्हिस म्हणून येणारं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर एनएसएसएम किंवा विनएसडब्ल्यूसारखं, कुठलाही प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवणारं वेष्टन वापरा. सर्व्हिसेसच्या खिडकीत रिकव्हरी टॅबवर तिन्ही ठिकाणी ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ निवडा. आणि ‘झेड’ ड्राइव्ह वगैरे जोडलेल्या अक्षरांवर विसंबू नका, ती तुमच्या लॉगिनची असतात. सर्व्हिसला दिसत नाहीत.

पाहणाऱ्यावर पाहणी

इथवर सगळं नीट केलं तरी एक भोक उरतं. इंटरनेटची लाईन गेली तर ‘लाईन गेली’ हा निरोप कुठून जाणार? मशीनच बंद पडलं तर? दोन कंपन्यांच्या लाईन घेतल्या तरी दोन्ही केबल इमारतीत एकाच चरातून येत असतील तर रस्त्याची एक खोदाई दोन्ही नेते. ठाणे-बेलापूर रोडवर काय किंवा घोडबंदरला काय, नवी लाईन घेताना ती कुठल्या बाजूने आत येणार हे विचारून घ्या.

म्हणून निरोपाची दिशा उलटी करा. प्रोमिथियसमध्ये ‘व्हेक्टर(१)’ असा नियम लिहा. तो नेहमी खरा, म्हणजे हा अलर्ट कायम वाजत राहतो. अलर्टमॅनेजरमधून तो, हृदयाच्या ठोक्यासारखा, दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका यंत्राकडे पाठवा. तिथे नियम एकच: ठोका दहा मिनिटं आला नाही तर बोंब मारायची. प्रोमिथियस पडलं, कॉन्फिग मोडलं, अलर्टमॅनेजर अडकलं, लाईट गेली, लाईन गेली, कारण कुठलंही असो, ठोका थांबतो आणि बाहेरून निरोप येतो.

बाहेरचं यंत्र म्हणजे भाड्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) चालेल, किंवा दोन शाखा असतील तर एकमेकींवर नजर: महापेचा ठोका वागळे इस्टेटला, वागळेचा महापेला. हेल्थचेक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे, तेही तिथे सर्व्हिस म्हणूनच बसवा. अलर्टमॅनेजरच्या त्या मार्गावर ‘ग्रुप_इंटरव्हल’ आणि ‘रिपीट_इंटरव्हल’ दोन्ही कमी करा. डिफॉल्ट पाच मिनिटं आणि चार तास आहेत. नुसता दुसरा कमी करून ठोका वेळेवर जात नाही.

निरोप कशावर घ्यायचा? अलर्टमॅनेजरमध्ये टेलिग्राम आणि ईमेलची सोय आधीपासून आहे. एसएमएस गेटवे घ्यायचा तर डीएलटी (व्यावसायिक एसएमएससाठीची सक्तीची) नोंदणी, हेडर, प्रत्येक मजकुराचं टेम्प्लेट मंजूर करून घेणं आलं. ऑफिसात आधीच ती नोंदणी असेल तरच त्या वाटेला जा.

प्रोमिथियसच्या ९०९० पोर्टवर डिफॉल्टने लॉगिन नसतं, म्हणून तो राउटरवरून बाहेर उघडू नका. घरून बघायचं असेल तर व्हीपीएनने आत या.

शेवटची चाचणी ऑफिस सुटल्यावर घ्या आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. मॉनिटरिंगच्या मशीनची नेटवर्क केबल काढा आणि घड्याळ लावा. बाहेरच्या यंत्राचा निरोप फोनवर आला की केबल लावा, ठोका परत सुरू झाल्याचा निरोप येतो का तेही बघा. मग एमसीबी खाली करून पूर्ण वीज घालवा, यूपीएसही बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा, आणि कशालाही हात न लावता थांबा. पंधरा मिनिटांत ‘प्रोब_सक्सेस’ सगळीकडे १ झाला नाही, तर ज्या उपकरणावर तो शून्य आहे तिथपासून केबल धरून मागे चालत या. केबल काढल्यावर पंधरा मिनिटांतही निरोप आला नसेल, तर आधी ‘ग्रुप_इंटरव्हल’ बघा.